उतारावरचा ब्रेक

गेल्या वर्षावासातली गोष्ट आहे. रविवार होता. विहारात सकाळची वंदना झाली, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाले आणि मी सतरंजीवर बसून विहाराच्या छपरासाठी जमलेल्या वर्गणीच्या पावत्या फाडत होतो. तेवढ्यात फोन वाजला. आवाज अनोळखी होता. ‘तुमचा पोरगा सायकलवरून पडलाय. लेण्याच्या डोंगरामागं. डोकं फुटलंय, लवकर या.’

माझा मुलगा तर दारात उपासक-उपासिकांच्या चपला ओळीने लावत होता. मग एकदम ध्यानात आले, माझा भाचा! बहिणीचा एकुलता एक. वय वर्षे पंधरा.

मी पोहोचलो तेव्हा तो एका बाभळीखाली बसलेला होता. गुरे राखणाऱ्या एका बाबांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल सोडून, लाकडाची फांदी लावून त्याचा हात बांधला होता. सरपणाला आलेल्या एका मावशीने आपल्या बाटलीतले पाणी पाजून त्याच्या डोक्याला पदर दाबून धरला होता. या दोघांची आणि आमची ओळखदेख नव्हती. त्यांनी जात विचारली नाही, आम्हीही नाही. पोरगा शुद्धीवर होता म्हणून माझा नंबर सांगू शकला. शुद्धीवर नसता तर? त्याच्या खिशात नाव-पत्त्याची एक चिठ्ठीदेखील नव्हती.

हाताचे हाड मोडले आणि कानाच्या वर सहा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, जखम दोन बोटे खाली असती तर आपण वेगळे बोलत असतो.

पण मला लिहायचे आहे ते त्या सायकलीविषयी. पोराला रिक्षात बसवून मी सायकल उचलली आणि सवयीने ब्रेक दाबून पाहिले. पुढची मूठ सरळ हँडलला टेकली. वायर तुटलेली. मागच्या ब्रेकचे रबर झिजून आतला पत्रा दिसत होता. ते पाहून मला घाम फुटला, कारण हे मला माहीत होते. वीसेक दिवसांपूर्वी त्यानेच सांगितले होते, ‘मामा, पुढच्या ब्रेकची वायर तुटायला आलीय.’ मी म्हणालो, ‘पगार होऊ दे.’ पगार झाला. छपराच्या वर्गणीत पहिले नाव कार्यकर्त्याचे असले पाहिजे म्हणून पहिली पावती मी माझी फाडली. शंभर रुपयांच्या आत बसणारे ते काम मात्र राहून गेले.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. मुंबई-आग्रा रस्त्याने मुंबईकडे निघाले की पाथर्डी फाट्याच्या पुढे हा डोंगर लागतो. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्याच्याशी काही संबंध नाही. शिलालेखांत या डोंगराचे नाव तिरण्हु असे आले आहे, आपण त्रिरश्मी म्हणतो. चोवीस लेणी आहेत. पायथ्याशी बुद्धविहार आहे, शेजारी दादासाहेब फाळके स्मारक आहे, नेहरू वनोद्यान आहे. बुद्धपौर्णिमेला येथे पाय ठेवायला जागा नसते. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या शेकडो कुटुंबांची सहल, सभा आणि श्रद्धा, सगळे याच डोंगराशी बांधलेले आहे.

लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत, तेथे सायकलीचे काम नाही आणि नेऊही नये. ते संरक्षित स्मारक आहे. परंतु डोंगराच्या कडेने आणि मागच्या माळावर गुरांच्या, सरपणवाल्यांच्या, बैलगाड्यांच्या जुन्या वाटा आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत नाशिकमध्ये सायकलीचे वेड वाढले. २०१५ साली येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून पुरी केली, तेव्हापासून तर पहाटे गंगापूर रस्त्याला आणि त्र्यंबक रस्त्याला हेल्मेटवाल्यांचे थवेच दिसू लागले. त्यांतले काहीजण जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरवाटांकडे वळले. आमच्या वस्तीतल्या पोरांनी ते पाहिले. पोरांकडे काय, कोणी भंगारातून आणलेली, कोणी साहेबाच्या मुलाने टाकून दिलेली गिअरची सायकल! पण उतार सगळ्यांना सारखाच ओढतो.

या वाटांची तब्येत ऋतूप्रमाणे बदलते. मी आता त्या पायी फिरून पाहिल्या आहेत, म्हणून लिहितो. आपला डोंगर काळ्या पाषाणाचा, वर मुरमाचा थर. उन्हाळ्यात हा मुरूम सुटा होतो आणि चाकाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखा सरकतो. सरळ जाताना कळत नाही, वळणावर मागचे चाक एकदम बाहेर फेकले जाते. पहिल्या पावसात सखल भागातली काळी माती चाकाला अशी चिकटते की मडगार्डात चाक अडकून बसते. अशा वेळी वाटेवर जाऊच नये. सायकल तर जातेच, वाटही खराब होते, कारण चाकोरीत मग पाणी धावते आणि पुढच्या वर्षी तिथे घळ पडते. सर्वांत फसवा काळ मात्र श्रावण-भाद्रपदाचा. डोंगर हिरवागार दिसतो, गवत गुडघ्याला लागते आणि त्या गवतात दडलेला दगड दिसत नाही. खडकावर शेवाळ असते. माझा भाचा पडला तो याच दिवसांत, अशाच दगडावर. दिवाळीनंतर वाट घट्ट होते, तेव्हापासून होळीपर्यंतचे दिवस चांगले. फक्त बाभळीच्या काट्यांनी ट्यूबची चाळण होते.

अंधाराच्या आधी परत यायचे, हा नियम तर काळ्या दगडावरची रेघ समजा. नाशिकच्या परिसरात बिबट्या फिरतो हे सर्वांना ठाऊक आहे. आणि देवळालीच्या बाजूला तोफखान्याच्या सरावाची हद्द आहे. तिकडे फलक दिसला की चाक वळवायचे. माळावर लोखंडाचा कसलाही तुकडा दिसला तरी हात लावायचा नाही.

घरी आणल्यावर बहीण रडली नाही. ती अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. नवरा वारल्यापासून तिने पोराला एकटीने वाढवले आहे. तिने स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, ‘दादा, साऱ्या वस्तीचं तू बघतोस. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा दाखला. ह्याच्या ब्रेककडं तेवढं बघायचं राहिलं.’ त्या चहाचा घोट माझ्या घशाखाली उतरेना.

मग तिने फर्मान काढले, सायकल भंगारात घालायची. मीही हो म्हणालो. अपराधी माणूस लगेच हो म्हणतो. पण प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बसलेला पोरगा म्हणाला, ‘मामा, त्या हेल्मेटवाल्या पोरांना त्यांचे पप्पा गाडीतून सायकल आणून देतात डोंगराखाली. ते पडले तर त्यांची सायकल कुणी भंगारात घालत नाही. डोंगर त्यांचाच आहे का?’

मला उत्तर सुचले नाही. ज्या नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, जेथे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी खेड्यापाड्यांतून माणसे उभी केली, तेथल्या पोराला मी ‘तू डोंगरावर जाऊ नकोस’ असे कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मात्र ‘जा’ असेही म्हणवेना. हक्क सांगून हाड जुळत नाही.

मला माझ्या वडिलांची सायकल आठवली. चोवीस इंची काळी, रॉड ब्रेकची. त्या सायकलीवरून त्यांनी चळवळीची पत्रके वाटली, वर्गण्या गोळा केल्या, १३ ऑक्टोबरला एकदा येवल्याच्या मुक्तिभूमीपर्यंत गेले. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरची मजल! पण दर रविवारी सकाळी ती सायकल दारात उलटी उभी असे. ते चेनला तेल देत, आरे चिमटीत धरून ताण पाहत, ब्रेकचे रबर नखाने तपासत. आम्ही मुले ते पाहून हसायचो. त्यांना मी एकदा विचारले होते, एवढे कशाला रोज-रोज? ते म्हणाले, ‘सभेला वेळेवर पोहोचायचं असतं.’ वडिलांचा चळवळीचा वारसा मी घेतला, तेलाची कुपी मात्र तिथेच राहिली.

आपल्या समाजाची ही खोड आहे, आणि हे मी स्वतःला धरून बोलतो. आपण घाम गाळून वस्तू उभी करतो. विहार बांधतो, पुतळा बसवतो, वाचनालय काढतो, पोराला सायकल घेऊन देतो. उद्घाटनाला गर्दी होते. पण पुढच्या वर्षी छपराचा पन्हाळ कोण साफ करणार, वाचनालयाच्या कपाटाला वाळवी लागली तर कोण पाहणार, ब्रेकची वायर कोण बदलणार, याचे उत्तर कोणत्याच ठरावात नसते.

आणि याचे उत्तर आपल्याच डोंगरावर, दगडात कोरलेले आहे! मी वाणिज्य शाखेचा माणूस, मला हे वाचून फार आनंद झाला म्हणून सविस्तर सांगतो. दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्षुसंघाला लेणे दिले. पण नुसते लेणे देऊन तो थांबला नाही. त्याने ३००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत गुंतवली. गोवर्धन म्हणजे आज गंगापूर रस्त्याला आहे तेच गाव. त्यांतले २००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज खर्चायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळत. गणित करून पाहा. २००० वर दरमहा एक टक्का म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. हिशेब बरोबर जुळतो! लेणे खोदतानाच पुढच्या प्रत्येक वर्षाच्या चीवराची तजवीज झालेली होती.

त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या एका लेखात आणखी एक गोष्ट आहे. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर वाटसरूंसाठी निवारे व पाणपोया केल्या. म्हणजे वाटेवरच्या माणसाचा जीव सांभाळणे हे त्या काळीही दानात मोडत होते. (त्याने ब्राह्मणांनाही पुष्कळ दाने दिली, हेही त्याच लेखात आहे. अर्धा शिलालेख वाचणे बरे नाही.)

मी ही हकिगत विहारात सांगितली आणि एक सूचना मांडली. जयंतीच्या वर्गणीतून काही रक्कम बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी आणि तिच्या व्याजातून मुलांच्या सायकलींचे ब्रेक, वायरी आणि हेल्मेट पाहावेत. थोडा गोंधळ झाला. एक तरुण म्हणाला, डीजेचे पैसे कापता काय? मी म्हणालो, होय. दोन सभा त्यातच गेल्या. शेवटी महिला मंडळाने बाजू घेतली आणि ठेव झाली. डीजेवाले अजूनही माझ्याशी जरा तुटकच बोलतात.

पहिल्या वर्षी व्याज थोडे. म्हणून सहा हेल्मेट आम्ही चौघांनी आपल्या खिशातून घेतली. हेल्मेटविषयी एक गोष्ट मला दुकानदाराने सांगितली नाही, वाचून कळली. सायकलच्या हेल्मेटच्या आतला कडक थर एकदाच मार खाऊन चेपण्यासाठी असतो. चांगला आपटला की बाहेरून धड दिसला तरी तो निकामी. ते हेल्मेट दुसऱ्याला देऊ नये. आणि हनुवटीखालचा पट्टा दोन बोटे जातील इतकाच सैल असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना आधी पडते, डोके मागून. व्यावसायिक शर्यतींतही पूर्वी हेल्मेटची सक्ती नव्हती. २००३ साली फ्रान्समधील एका शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडून डोक्याला मार लागून गेला, त्यानंतर ती सक्ती झाली.

ब्रेकच्या बाबतीत पोरांचा एक गैरसमज आहे. पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उडतो, असे एकमेकांना सांगून ती पुढचा ब्रेक काढूनच टाकतात! वस्तुस्थिती अशी आहे की ब्रेक मारताना सारा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून सायकल थांबवण्याचे निम्म्याहून जास्त काम पुढचा ब्रेकच करतो. नुसता मागचा करकचून दाबला तर चाक जागीच अडते आणि मुरमावर घसरत जाते. भाच्याचे हेच झाले. दोन्ही ब्रेक हलक्या हाताने, एकाच वेळी दाबायचे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. उताराला सीट खाली घ्यायची, पायडल सारख्या उंचीवर ठेवून त्यांवर उभे राहायचे आणि कंबर मागे न्यायची. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाला एका सेकंदात सायकल आठ मीटर पुढे जाते. ‘अरे दगड!’ म्हणेपर्यंत दगड मागे गेलेला असतो किंवा आपण दगडावर. आणि जुन्या सायकलींच्या लोखंडी रिम पाण्याने ओल्या झाल्या की रबर धरत नाही. पावसात त्या सायकली डोंगरावर न्यायच्याच नाहीत.

या खेळाची सुरुवात कशी झाली हे मुलांना सांगितले तेव्हा ती फार खूश झाली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन नावाचा डोंगराळ भाग आहे. तेथली पोरे जुन्या, जाड टायरच्या जड सायकली दुरुस्त करून कच्च्या उतारावरून सोडत. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी पहिली शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आट्यात असे, पायडल उलटे दाबले की लागे. तीन-साडेतीन किलोमीटरच्या त्या उतारात तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई. खाली पोहोचले की आटा उघडून ग्रीस पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले, म्हणजे पुन्हा भरा. वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ दाखल झाला. भाचा म्हणाला, ‘म्हणजे त्यांच्याही सायकली भंगारातल्याच होत्या!’ होत्या. पण प्रत्येक उतारानंतर ते ब्रेक उघडून बसत, हे मी त्याला दोनदा सांगितले.

आता दर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या अंगणात सायकली उलट्या उभ्या राहतात. आमच्यातले एक निवृत्त फिटर काका पाना आणि चिमटा घेऊन बसतात, रिमचा आऊट काढतात. मी वही सांभाळतो. सायकल कुणाची, पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, हवा, चेन, हेल्मेट. ज्या सायकलीपुढे फुली, ती त्या दिवशी डोंगरावर जात नाही. रडारड होते, पण जात नाही. एकट्याने जायचे नाही, किमान तिघे. एक पडला तर एक जवळ थांबेल आणि एक मदत आणेल. खिशात नाव, घरचा नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका फुकट येते, पण डोंगरवाटेवर चढत नाही. म्हणून वाट डांबरी रस्त्याला कुठे मिळते ती खूण प्रत्येकाला पाठ. डोक्याला मार लागलेला मुलगा ‘काही नाही झालं’ म्हणाला तरी उलटी झाली, झोप यायला लागली किंवा तेच-तेच विचारू लागला तर थेट दवाखान्यात न्यायचे. गुरे, म्हातारी माणसे, मोळी घेतलेली बाई समोर दिसली की उतरून बाजूला उभे राहायचे. त्या वाटा त्यांच्या पायांनी पडलेल्या आहेत. ज्यांनी टॉवेल सोडून हात बांधला ते बाबा आता मुलांना लांबूनच ओळखतात आणि कुठे दरड सुटली आहे ते ओरडून सांगतात.

सुरुवातीला फक्त मुलगेच येत. मागच्या महिन्यापासून दोन मुलीही येऊ लागल्या आहेत. त्यातली एक ब्रेकची वायर काकांपेक्षा लवकर ओवते.

बहीण बरेच दिवस विहाराच्या अंगणाकडे फिरकली नाही. प्लास्टर निघाले, हात बरा झाला, शाळा सुरू झाली, तरी सायकल तिच्या घरात कुलूप लावून उभी होती. ती भंगारात गेली नव्हती, एवढेच. माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी ती सायकल हाताने ढकलत घेऊन आली. पोरगा मागून हेल्मेट घेऊन येत होता. वहीत नाव लिहून मी ब्रेक दाबायला पुढे झालो, तर तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतःच दोन्ही मुठी एकेक करून दाबून पाहिल्या.

‘दादा, मागचा ढिला आहे,’ ती म्हणाली.

काकांनी पाहिले. मागचा खरोखरच ढिला होता. मी वहीत फुली मारली. पोरगा काही न बोलता सायकल उलटी करून बसला.